मी बिघडवलेलं लॉक

दादांच्या गाडीचं लॉक मी मुद्दाम बिघडवलं. रविवारची दुपार होती, ते जेवून झोपले होते. चिकटवायच्या ट्यूबमधले चार-पाच थेंब किल्लीच्या फटीत सोडले, बाहेर ओघळलेलं फडक्यानं पुसलं आणि घरात येऊन मुलांच्या वह्या तपासायला बसले. 

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. नांदेडच्या आयटीआयमध्ये ते मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आई आणि ते लातूरला माझ्याकडे राहायला आले. मी शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात शिक्षिका आहे, लातूरहून रोज ये-जा करते; तोवर एकटीच राहायचे. त्यांच्याबरोबर त्यांची गाडीही आली. जुनी, साधी, रिमोट-बिमोट नसलेली. डाव्या दाराचं लॉक कधीचंच जाम होतं, त्यामुळं बाहेरून उघडायची ती फक्त ड्रायव्हरच्या बाजूनं.

विसरणं आधी लहानसहान होतं. विहारात बुद्धवंदनेला गेले की चप्पल दुसऱ्याची घालून यायचे. मग एक दिवस आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेतो म्हणून सकाळी निघाले. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. दुपारचे तीन वाजले तरी दोघांचा पत्ता नाही आणि दादा फोन उचलेनात. शेवटी आईनं रस्त्यावरच्या एका चहावाल्याच्या फोनवरून मला फोन केला. ते लोह्याला होते, म्हणजे जवळजवळ नांदेडात.

"मला वाटलं, तिकडं काही काम असंल," आई नंतर म्हणाली. "इचारलं तर वरडले असते."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि गाडी चालवणं बंद करा म्हणून स्पष्ट सांगितलं. दादा तिथं "हाव" म्हणाले आणि दवाखान्याबाहेर येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

मी किल्ली लपवून पाहिली. ते फार वाईट झालं. दादांनी घर उलथंपालथं केलं. पिठाचे डबे, डाळ-तांदळाचे डबे सगळे जमिनीवर ओतले आणि "तूच ठेवलीस कुठंतरी" म्हणून आईला नको ते बोलले. आई खाली बसून डाळीतून तांदूळ वेगळे करत राहिली. ते पाहून मी किल्ली काढून दिली, सोफ्याखाली सापडली म्हणून सांगितलं. तेव्हाच माझ्या मनात आलं की गाडीच बिघडली तर बरं. यंत्र बिघडलं तर कुणाला बोल लावता येत नाही.

सोमवारी मला सुट्टी होती. सकाळी दादा गाडीपाशी गेले आणि थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली.

"किल्ली आत जाऊन राहिली, पण फिरंना."

"जुनं झालं असेल, दादा. राहू द्या."

"जुनं झालं म्हणून कुनी राहू देतं का? तुझी पेन्सिल आन."

मला वाटलं होतं ते चिडतील, दमतील आणि सोडून देतील. त्यांच्या चेहऱ्यावर तर उजेड आला होता. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडून त्याची पूड फटीत फुंकली. किल्ली घालून हलक्या हातानं दोन्हीकडं हलवून पाहिली. "जोर लावायचा न्हाई. जोर लावला की किल्ली मोडते आन अर्धी आत ऱ्हाते." पुडीनं काम झालं नाही, तेव्हा रॉकेलचे थेंब सोडले. तेही चाललं नाही. मग त्यांनी पलंगाखालून हत्यारांची पेटी काढली.

पेटीत एक लांब, पातळ पोलादी पट्टी होती. काच आणि रबर यांच्यामधून त्यांनी ती दारात सरकवली, डोळे मिटून जरा चाचपडल्यासारखं केलं आणि वर ओढली. दार उघडलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. म्हणजे माझा सगळा बेत पहिल्या अर्ध्या तासातच फसला होता. तरी मी टॉर्च धरून तिथंच उभी राहिले, कारण त्यांनी मला जाऊ दिलं नाही.

काच खालीवर करायचं हँडल काढलं, स्क्रू एका वाटीत ठेवले, दाराचं आतलं कव्हर एकेका कोपऱ्यातून सोडवलं. हात कुठंही अडखळत नव्हते. लॉक धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप कुठं असते, ती कशी बाजूला सरकवायची, हे ते सांगत होते. मधेच थांबून म्हणाले, "मागच्यांना दिसतंय का?"

मागं कुणी नव्हतं. आई दारातल्या ओट्यावर मेथी निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली.

"दिसतंय, सर," मी म्हणाले.

लॉक हातात आल्यावर ते उन्हात घेऊन गेले. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरलं. फटीच्या कडेला पांढुरकी झाक होती, ती त्यांनी नखानं खरवडली.

"हे घानीनं जाम न्हाई झालं," ते हळू म्हणाले. "कुनीतरी चिकट वतलंय यात."

मी टॉर्च बंद केला. तेव्हाच बोलायला हवं होतं.

समोरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. आमची गाडी त्यांच्या फाटकाला थोडी आडवी येते म्हणून दिवाळीच्या सुमारास त्यांची आणि दादांची बोलाचाली झाली होती. दादांना ती नेमकी आठवली. लोहा आठवत नव्हतं, डॉक्टर आठवत नव्हते, पण ते भांडण शब्द न् शब्द आठवलं. लॉक मुठीत घेऊन ते रस्ता ओलांडून गेले आणि फाटक वाजवू लागले.

काका पेपर हातात घेऊनच बाहेर आले.

"माज्या गाडीवर राग काढता का?" दादा म्हणाले. "तोंडावर बोलायचं. असं चोरून करायचं माणसाला शोभतं का?"

"काय केलं मी?"

दादांनी लॉक त्यांच्यापुढं धरलं. काकांना काही कळेना. त्यांच्या पत्नी दारात आल्या, शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. मी अनवाणीच धावत गेले आणि दादांचा दंड धरला.

"दादा, त्यांनी नाही. मी केलंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलले ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"कामून?"

"तुम्ही गाडी चालवू नये म्हणून. आईला घेऊन तुम्ही लोह्याला गेला होता."

"मी? लोह्याला?"

त्यांनी मागं वळून आईकडं पाहिलं. ती आमच्या फाटकात उभी होती. एवढ्या लोकांसमोर तिला मान हलवायची नव्हती, हे मला दिसत होतं. तरी ती म्हणाली, "हाव. गेल्तो आपण."

दादा तसेच परत फिरले. मी माफी मागितली. काका म्हणाले, "आधी त्यांना बघा."

दादा गाडीपाशी खाली बसले होते. नेलपॉलिश काढायचं औषध मागितलं, मी आणून दिलं. लॉक त्यात बुडवून ठेवलं, दाभणानं आतल्या पितळी पट्ट्या एकेक करून मोकळ्या केल्या, तेल दिलं आणि दुपारपर्यंत सगळं जसंच्या तसं बसवलं. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. त्यांनी ती खिशात टाकली. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं तर आईकडं बघून जेवायचे.

नवव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ. तू बस बाजूला." मी बसले. आम्ही रेणापूरच्या रस्त्याला लागलो. ते नेहमीसारख्याच सफाईनं चालवत होते आणि मी चुकले की काय, असं मला वाटू लागलं. एका फाट्यावर त्यांनी गाडी भर रस्त्यात थांबवली. मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"आपून कुठं चाललो?" त्यांनी विचारलं. "खरं सांग. मी रागवत न्हाई."

मी उतरून त्यांच्या बाजूला गेले. ते हळूहळू डावीकडं सरकले. मी गाडी घरी आणली. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही, आणि मागितलीही नाही.

याला आता दीड वर्ष होईल. दादांचं बरंच पुसलं गेलं आहे. मी केलं होतं हे तर ते महिनाभरातच विसरले. लॉकमध्ये कुणीतरी चिकट ओतलं होतं, एवढं मात्र राहिलं, आणि ते कुणी, तर समोरच्या काकांनी. असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी परत खरं सांगितलं. ते इतके रडले की दुसऱ्यांदा मला सांगवलं नाही.

संध्याकाळी ते फाटकात खुर्ची टाकून बसतात. मागच्या आठवड्यात काका दूध घेऊन येत होते, तेव्हा दादांनी त्यांना अडवलं.

"तुमी माजं लॉक जाम केल्तं."

मी आतून धावत आले. काकांनी मला हातानंच थांबवलं. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "हो सर. चुकलं माझं."

"पुन्ना करू नका," दादा म्हणाले.

"नाही करणार."

काका आपल्या घरात गेले. मी तशीच दारात उभी राहिले. त्यांच्याकडं जाऊन दोन शब्द बोलावेत असं रोज ठरवते. अजून गेलेले नाही.