नाव नीट घेणारा माणूस

भोईरकाका गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की निरोप टाकणाऱ्याला हे कुणी सांगितलं असेल आणि खरंच सांगितलं असेल का... माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, ‘आमची मृण्मयी ताकसुद्धा फुंकून पिते. दुधानं कधी पोळली ते मात्र आम्हाला ठाऊक नाही.’

ठाण्याच्या आमच्या पॅकिंग कंपनीत मला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात माझं नाव मिनमाई, मुरनमय आणि शेवटी थेट मिनी झालं. मी कधी कुणाला सुधारलं नाही. मुद्दाम करत असतील तर सुधारून काय उपयोग, आणि नसतील तर त्यांना माझ्याशी देणंघेणं नाही, असा माझा हिशेब. पण पहिल्याच दिवशी डिस्पॅचमधल्या एका काळ्यासावळ्या, नववी शिकलेल्या माणसानं जोडाक्षरांसकट हाक मारली, ‘मृण्मयी, तुमचं टेबल तिकडं.’ हेच भोईरकाका. मी चमकले. म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

मग संशय वाढतच गेला. एकदा काकांनी विचारलं, ‘मोहन्याला आज पाणी आलं का?’ मी राहते मोहन्यालाच, पण ऑफिसात सगळ्यांना कल्याण सांगायचे. पुढं एकदा म्हणाले, ‘आईचा गुडघा कसा आहे?’ गुडघ्याबद्दल मी फक्त रजेच्या अर्जात लिहिलं होतं. झालं! मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, भोईर आमच्या फायली वाचतात. चौकशी वगैरे काही झाली नाही. पंधरा दिवसांत काकांची बदली मागच्या गेटवर झाली, गाड्यांचे नंबर लिहायला. तिथं त्यांना बसायला मोडक्या बैठकीची प्लास्टिकची खुर्ची मिळाली. काकांनी जाळं विणायची दोरी आणून तिची बैठक स्वतः विणून घेतली. रोज संध्याकाळी मी बाहेर पडले की त्या खुर्चीवरून आवाज यायचा, ‘मृण्मयी, सांभाळून जा गं.’ मी मान हलवायचे. मनात यायचं, ह्यांना कळलंय, आता डाव साधतील.

चार वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याला काका आमच्या दारापर्यंत आले आणि बाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. डोळे लाल होते. मी मनाशी म्हटलं, ऑफिसनं पाठवलं असणार, रजा खरी की खोटी ते बघायला. तेव्हा मला अगदी तसंच वाटलं होतं.

काका गेल्यावर आठवड्यानं मी आंबिवलीला त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर सांत्वनापेक्षा खात्री करायला गेले. काकी दारातच म्हणाल्या, ‘मृण्मयी ना गं तू?’ तेच, जोडाक्षरांसकट. मी तिथंच थिजले.

काकी मोहन्याच्या बाजारात मासळी विकायच्या. माझी आई दर रविवारी त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि मी आयुष्यात कधी तिच्याबरोबर पिशवी धरायला गेले नाही. ‘तुजी आय माज्या पाटीम्होरं बसून तुजंच सांगायची,’ काकी म्हणाल्या. ‘मना तुजा नाव येवंच नाय. आय बोलायची, नीट बोल, मंग पिशवी देतंय. हे बाजूला मासली कापायचे, त्यांना माज्या आधी आला! मंग तू त्यांच्याच ऑफिसान लागली. आय बोलली, पोरीवर नजर ठेवा. पन तिला सांगू नका, ती जाम संशयी हाय.’

मी तक्रारीचं सांगून टाकलं. काकींनी पदरानं तोंड पुसलं.

‘ठाव व्हता त्यांना. तवाच ठाव व्हता.’

‘मग बोलले का नाहीत कधी?’

‘तुजे आयला शब्द दिलेला ना.’

आई गेल्यावर तरी सांगायचं होतं काका... पण मी तुम्हाला सांगू दिलं असतं का? आणि सांगितलं असतंत तरी मी विश्वास ठेवला असता का? आईनंतर माझं नाव रोज आईसारखं घेणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि त्याला मी चार वर्षं नुसती मान हलवून दाखवली.

मागच्या गेटवर आता नवा वॉचमन आहे. तो सगळ्यांनाच मॅडम म्हणतो. खुर्ची अजून तिथंच आहे, दोरीची एक गाठसुद्धा सैल झालेली नाही. परवा तो चहाला गेला होता, तेव्हा मी तिच्यावर बसले. कुणी बघत नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली आणि काका म्हणायचे तसं हळूच म्हणून पाहिलं, ‘मृण्मयी, सांभाळून जा गं.’ मला माझं स्वतःचं नावही त्यांच्यासारखं नीट घेता आलं नाही.