मामांना बंद ठेवून पाहिलं तेव्हा

एका लॅपटॉपच्या पोटात अख्खा बाजार उभा करणारा माणूस पुण्यात एकच आहे, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक दुकानदारांचा कारभार त्यांनी संगणकावर चढवला. त्यात ऑर्डर घेणारा प्रोग्राम वेगळा, साठा बघणारा वेगळा, बिलं करणारा वेगळा, आणि प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळ्या मशीनवर. बिबवेवाडीत त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही चार-पाच जण त्यांच्या हाताखाली हेच काम करतो. पण नव्या माणसानं ही सगळी बिऱ्हाडं आपल्या लॅपटॉपवर एकत्र नांदवून दाखवल्याशिवाय मामा त्याला प्रोग्रामची एक ओळ लिहू देत नसत. तेही त्यांनी लिहिलेल्या सूचना वाचून, कुणाला न विचारता. नवा माणूस घाम पुसत बसे आणि मामा मागच्या खुर्चीत शेंगदाणे खात बघत राहत. तो अडला तर मात्र कधी चिडले नाहीत. "तुमचं नाही, माझं लिहिणं चुकलं," म्हणून सूचना दुरुस्त करत आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून बसवत. मी जावई असूनही सुटलो नाही. एकदा वैतागून "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" म्हणालो, तर म्हणाले, "वा! मग सगळ्या दुकानदारांना तुमच्याकडेच मुक्कामाला बोलावू या."

एवढ्या कष्टानं उभं केलेलं मोडायची त्यांना भारी हौस. चालत्या गाड्यातला कुठलाही एक भाग बंद करायचा आणि बाकीचे काय करतात ते बघायचं. एका दुकानदाराला नमुना दाखवताना त्यांनी त्याच्यासमोरच बिलांचा प्रोग्राम बंद केला. "अहो, हे काय केलंत?" "बिलं करणारा आजारी पडला असं समजा. तुम्ही ऑर्डर द्या." ऑर्डरी जात राहिल्या, आणि बिलांचा प्रोग्राम परत सुरू झाल्याबरोबर तुंबलेली सगळी बिलं सुरळीत निघाली. तो दुकानदार चहा प्यायचाच विसरला. हीच परीक्षा त्यांनी घरीही घेतली, एक दिवस मामींना स्वयंपाकापुरतं 'बंद' ठेवून. मामा स्वतः पोहे करायला गेले आणि मीठ दोनदा घालून आले. मामी पदर खोचून म्हणाल्या, "फार उपयोगी प्रयोग आहे. रोज करा."

पुढे मामांच्या नजरेसमोरची अक्षरं मधोमध पुसट व्हायला लागली. डॉक्टरांनी स्क्रीनसमोर बसायला मनाई केली. "सोमवारपासून मी बंद," त्यांनी सांगितलं, "फोन करायचा नाही. बघू तुमचं चालतं का." मामांशिवाय हा डोलारा कुणीच सांभाळला नव्हता. नेमकी त्याच सोमवारी एक नवी मुलगी रुजू झाली. तिनं सूचना उघडल्या, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत तिच्या लॅपटॉपवर अख्खा बाजार नांदायला लागला. मामा जिंकले होते. मी जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो.

"कुठे अडली?"

"कुठेच नाही, मामा! कुणाला एक शब्दही विचारावा लागला नाही."

"अरे वा. मग झालं तर," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत बसले. मला निरोप द्यायला दारापर्यंत आलेल्या मामी हळूच म्हणाल्या, "सकाळपासून फोन हातात धरून बसलेत हो." मला फार वाईट वाटलं. आपल्यावाचून कुणाचं अडू नये म्हणून या माणसानं जन्म घालवला होता, आणि त्या दिवशी आमचं खरंच अडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन वर गेलो आणि म्हणालो, "मामा, साठ्याच्या प्रोग्रामपाशी अडलोय." मामा सावरून बसले. मी स्क्रीनवरचं वाचून दाखवत होतो आणि ते डोळे मिटून एकेक प्रश्न विचारत होते. नसलेली चूक सापडायला चांगला तासभर गेला. मामींचा दुसरा चहा आला. मी उठलो तसे मामा शेंगदाण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "जावईबापू, उद्या कुठे अडणार आहात? तेवढं आधी कळवा, म्हणजे तयारीत बसतो."