जाफराबादकडची पहिली चौकशी

जालन्याहून जाफराबादची एसटी सुटली, तेव्हा परिवीक्षा अधिकारी म्हणून ही माझी पहिलीच गृहभेट आहे, हे कंडक्टरलाही सांगायच्या बेतात होतो मी. हौस दांडगी! काम मात्र हौसेचं नव्हतं. मोटारसायकल चोरीत सापडलेला सोळा वर्षांचा मुलगा निरीक्षणगृहात होता. त्याला घरी सोडायचं की नाही, हे बाल न्याय मंडळ माझ्या अहवालावरून ठरवणार होतं.

जाफराबादहून काळीपिवळी (वडापची जीप) धरली. दोन्हीकडे कपाशी, मध्ये सोयाबीनचे पिवळे पट्टे आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं.

मुलाचं प्रकरण गावात फुटू द्यायचं नाही, असा कायदा. म्हणून त्याच्या गावात उतरल्यावर चहावाल्याला आईचं तेवढं नाव घेऊन मोघमच विचारलं, "सुमनबाईंचं घर कसं आहे? माणसं कशी आहेत?"

त्यानं मला नीट न्याहाळलं. "बिलकुल एक नंबर घर हे, पाव्हणं. पोरगी बारावीला पहिली आल्ती. भाऊ मामाकडं गेलाय मंठ्याला, न्हाईतर भेटला असता."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अशी चौकशी इथे एकाच कामासाठी करतात. मी मुलाच्या बहिणीला बघायला आलेला नवरदेव ठरलो होतो!

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. पोहे तयार. मुलीनं ताटली ठेवली आणि मान खाली घालून आत गेली. मी हळू आवाजात खरं सांगितलं; आतल्या दाराशी ती ऐकत उभी होती. सुमनबाईंचं हसू मावळलं.

"मामाकडं गेलाय म्हणून सांगितलंय मी गावाला," त्या म्हणाल्या. "त्यानं केलं ते वाईटच, साहेब. पण लेकरू माझं हे. घरी आला तर बराबर शेतात नेईन, एकटा सोडणार न्हाई."

मला भरून आलं. त्यांचं वाक्य मी वहीत तसंच उतरवून घेतलं.

निघताना जीपपाशी गाव जमलं. चहावाला म्हणाला, "मंग कळवा जल्दी. हो का न्हाई, काय ते."

सुमनबाई मागे उभ्या होत्या. गावादेखत त्यांना मुलाचं नावही काढता येत नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"पाव्हणं, हो म्हणा."

बायका हसल्या. मला मान वर करवेना.

जालन्याला परतलो. अहवालात घरी सोडावं असं लिहिलं, आणि मुलगा घरी गेलाही. गावाला मात्र माझा निरोप कधीच गेला नाही. जालन्याच्या पाहुण्यानं पोरगी नापसंत केली, असंच तिथे धरून चालले आहेत. आणि ती पोरगी, सगळं ठाऊक असूनही, भावासाठी ते ऐकून घेते आहे.