किल्लेदाराच्या नावावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी बाकी सगळं सांगतो, न विचारता सांगतो. तुम्हालाच का सांगतोय? बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

पन्नासच्या दशकात बंगळुरातल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ माझी असे. एरवी मी कारखान्यातला कारकून, पण त्या संध्याकाळी पंडित. इतिहासातले किस्से, थोरांची वचनं — कोण मरताना काय म्हणाला, कुणी भर दरबारात कुणाची कशी जिरवली. लोक पोट धरून हसायचे. त्यात सगळ्यात मोठ्याने हसायची ती अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन चामराजपेटेतल्या आमच्या घरी परत आली. आई लवकर गेली, तेव्हापासून ते घर अक्काच्याच अंगावर — वडिलांचं पथ्यपाणी, माझं शिक्षण, माझं लग्नसुद्धा.

एका वर्षी माझे किस्से संपले. जुनेच फिरवून सांगावेत तर लोक शेवट आधीच सांगून मोकळे. कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी वडिलांनी, घर मी बांधलंय, म्हणून अक्काला काहीतरी ऐकवलं. ती अंगण झाडत होती. मान वर न करता म्हणाली, "बांधतो त्याचं नसतं घर. रोज झाडतो त्याचं असतं."

मी काय केलं? घराचा गड केला, आणि त्यावर एक किल्लेदार नेमला. त्याला नाव दिलं नाही — नाव काळाच्या ओघात हरवलं म्हटलं की लोकांचा विश्वास जास्त बसतो. शत्रूचा वकील गडावर येतो, दरवाजात केरसुणी घेतलेल्या माणसाला नोकर समजून किल्लेदाराचा पत्ता विचारतो, आणि तो माणूस म्हणतो — गड जिंकतो त्याचा नसतो, रोज झाडतो त्याचा असतो! टाळ्या थांबेनात. पुढे मंडळाने ते वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं.

अक्का रागावली असेल? छे! जटक्याच्या घोडागाडीतून घरी परतताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किल्लेदाराच्या तोंडी शोभतं हं," म्हणाली. "माझ्या तोंडचं कोण ऐकणार होतं?"

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी वडील गेले. घर विकायचं ठरलं — ठरलं म्हणजे मी ठरवलं. जयनगरात नवी वसाहत होत होती, तिथे त्याच पैशांतून घ्यायला मी जागा पाहून ठेवली होती. व्यवहाराचं बोलायला वडिलांचे थोरले भाऊ आले, आम्ही त्यांना दोड्डप्पा म्हणत असू. अक्काने कोलारला दिराकडे जावं, असं त्यांनी सुचवलं. त्या दिराने इतक्या वर्षांत तिची साधी चौकशी केली नव्हती. अक्का आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी बोलली. म्हणाली, मी इथून जाणार नाही. घर बांधतो त्याचं नसतं, रोज झाडतो त्याचं असतं.

दोड्डप्पा हसले. "अगं, ते त्या किल्लेदाराचं. भिंतीवरचं वाचून घरं मिळतात होय? स्वल्प विचार कर."

सगळेच हसले. अक्का घाबरली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आता बोलणारच, अशी तिची खात्री होती — ती खात्री मला स्पष्ट दिसली. दोड्डप्पांनीही मलाच विचारलं, "काय रे, तूच सांगितलेलं ना?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की ते तिचं आहे. त्याने घर वाचलं असतं का? कदाचित नाही. पण मग लोक म्हणाले असते, बाकीचे किस्सेही असेच का? माझी ती एक संध्याकाळ गेली असती. आणि — हे तर सांगितलंच पाहिजे — जयनगरची जागाही गेली असती. जास्त भीती मला ती जागा जाण्याचीच होती.

मी म्हणालो, "हो. किल्लेदाराचंच."

अक्का "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि सगळ्यांसाठी कॉफी करायला आत गेली. पुढच्या महिन्यात कलासीपाळ्यमच्या बसस्थानकावर मी तिला कोलारच्या बसमध्ये बसवून दिलं. माझ्याकडे राहा, असं मी म्हणालो नाही. तिने खिडकीतून माझ्या मुलांची काळजी घ्यायला सांगितलं. एका शब्दानेही मला दुखवलं नाही. दुखवलं असतं तर मी हे तेव्हाच कुणाला तरी सांगून टाकलं असतं.

तिकडे ती स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून झोपायची, हे मला ती वारल्यावर कळलं. जयनगरचं घर मात्र छान झालं. वास्तुशांतीला तीनशे पान उठलं. कोलारला मी बोलावणं पाठवलं नाही. पाठवलं असतं तर ती आली असती.