दोन जागा आणि माझा तिसरा नंबर

बारावीची परीक्षा झाल्यावर आमच्या फिजिक्सच्या सरांनी मला एक फॉर्म आणून दिला. बंगळूरच्या एका विज्ञान संस्थेचा होता. पाच वर्षांत थेट एम. एस्सी., आणि कर्नाटकाबाहेरून येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना दर वर्षी पूर्ण शिष्यवृत्ती. फी, राहणं, जेवण, सगळं त्यातच. सर म्हणाले, भरून तर टाक, पुढचं पुढे बघू. फॉर्मवर फोन नंबरासाठी एक चौकट होती आणि आमच्याकडे फोन नव्हता. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा, घर मळ्यातच. मी नाक्यावरच्या एसटीडी बूथचा नंबर लिहून टाकला.

बूथ चालवणाऱ्या काकांना लहानपणी पोलिओ झालेला होता. सकाळी हाताने चालवायच्या तीनचाकीवरून यायचे, बूथच्या दाराशी खुर्चीत बसायचे, ते संध्याकाळीच उठायचे. कमी बोलणारा, जरासा तिरसट माणूस. न विचारता त्यांचा नंबर दिला म्हणून मी घाबरत घाबरत सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, फोन आला तर कळवीन. रागावलेत की नाही, ते मला काही कळलं नाही.

निकाल चांगला लागला. त्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. माझी मुलाखत घ्यायची होती, पण बंगळूरला यायची गरज नव्हती. पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता ते दिलेल्या नंबरावर फोन करणार होते. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. समोरासमोर इंग्रजीत बोलायचे वांधे, तिथे फोनवर कुठून बोलणार? माझी सगळी शाळा मराठीत झालेली.

सोमवारी मी काकांना विचारायला गेले की अकरा वाजता फोन मोकळा ठेवाल का. त्यांनी पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदाच माझ्याशी सलग काही बोलले.

"मी दिवसभर लोकांचं बोलणं ऐकतो. एक सांगतो. पलीकडचा माणूस गप्प झाला की लोक घाबरतात आणि काहीबाही बोलत सुटतात. तू तसं करू नकोस. तो लिहीत असतो."

मंगळवारी मी गेले तेव्हा बूथच्या काचेवर आतून पुठ्ठा लावलेला होता, त्यावर खडूने लिहिलं होतं, 'बारा वाजेपर्यंत बंद'. द्राक्षांचा एक व्यापारी दिंडोरीला फोन करायचा म्हणून हुज्जत घालत होता. काकांनी त्याला पुढच्या चौकात जायला सांगितलं आणि मला आत बसवून दार बाहेरून ओढून घेतलं.

फोन अकराला पाच कमी असतानाच आला. पलीकडे दोघे होते, एक बाई आणि एक वयस्कर सर. पहिले दोन-तीन प्रश्न पुस्तकातले होते, ते मी अडखळत इंग्रजीत निभावले. मग सरांनी विचारलं की तुमच्या घरी फुलं पिकतात असं फॉर्मवर लिहिलंय, तर ती कधी तोडता? मी म्हटलं, भल्या पहाटे. का? उन्हात तोडलं की लवकर कोमेजतं म्हणून. ते म्हणाले, पण कशाने, उजेडाने की उष्णतेने? हे कसं शोधून काढशील?

हे मला इंग्रजीत सांगता येणार नव्हतं. मी धीर करून विचारलं, हिंदीत सांगितलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, जरूर. मग माझी जीभ सुटली. अ‍ॅस्टरच्या तीन सरी घ्यायच्या. एक उघडी ठेवायची. एकीवर काठ्या उभ्या करून कोरडं गोणपाट टाकायचं, एकीवर ओलं. गोणपाटाखाली उजेड दोन्हीकडे सारखाच अडणार, पण ओल्याखाली गारवा राहणार. दुपारी तिन्हींतली सारखीच फुलं तोडायची आणि संध्याकाळी बघायचं, कुठली टिकली.

पलीकडे शांतता पसरली. मला बोलायची उबळ येत होती. पुठ्ठ्याच्या बाजूने काचेतून बाहेर बसलेले काका दिसत होते. त्यांनी तळहात दाखवला, थांब म्हणून. मी थांबले. एवढा वेळ मी आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते.

"आणि उत्तर काय येईल?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "करून बघावं लागेल."

फोन ठेवला तेव्हा माझी ओढणी घामाने भिजली होती. काकांनी पुठ्ठा काढला आणि पैसे घ्यायला नकार दिला. आलेल्या फोनचे पैसे कुठे असतात, म्हणाले.

इकडे माझा डी. एड.चाही फॉर्म भरलेला होता, तो अण्णांच्या आग्रहामुळे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्या काळात डी. एड. म्हणजे दोन वर्षांत मास्तरीण आणि जन्माची भाकरी, असाच हिशेब होता. जुलैच्या सुरुवातीला यादी लागली आणि माझं नाव त्यात आलं. अण्णांनी नाक्यावर पेढे वाटले. दोनच दिवसांनी बंगळूरचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीच्या यादीत मात्र माझा क्रमांक तिसरा होता. दोघांपैकी कोणी नाही आलं तर कळवू, असं लिहिलं होतं. शिष्यवृत्तीशिवाय जाणं शक्यच नव्हतं, त्यावर घरात बोलणंसुद्धा झालं नाही.

मामा आले होते. ते म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. अण्णांनी मान डोलावली. आई भाकरी थापत राहिली. शनिवारी अध्यापक विद्यालयात मूळ दाखला जमा करायचा होता. एकदा तो जमा झाला की बंगळूरला काय दाखवणार? तरी मी हो म्हटलं.

शनिवारी अण्णा आणि मी रांगेत उभे राहिलो. माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात शाळा सोडल्याचा दाखला. खिडकीच्या बाजूला भिंतीशी एक मुलगी तिच्या आईबरोबर बसली होती. रांगेत नव्हती. तिच्या आईला मी विचारलं, तुम्ही नंबर नाही का लावला? त्या पेठ तालुक्यातल्या होत्या, पहाटेच्या एसटीने आलेल्या. म्हणाल्या, पोरीचं नाव यादीत नाही, खाली प्रतीक्षेत पहिलं आहे. पाच वाजेपर्यंत कोणी आलं नाही तर तिला घेणार, म्हणून बसलोय. मुलगी रांगेतलं एकेक डोकं मोजत होती. माझ्याकडे बघून ती ओशाळं हसली.

मी पुढे सरकत राहिले. पण ते हसणं डोळ्यांपुढून जाईना. मीही बंगळूरच्या एका भिंतीशी अशीच बसलेली होते, फक्त शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या दोघांना मी दिसत नव्हते. आणि इथे मी त्या मुलीसमोर उभी राहून अशी जागा घेत होते जी मला नकोच होती. शिकवणं मला वाईट वाटत नव्हतं. पण मुलाखतीपासून डोक्यात त्या तीन सरीच घोळत होत्या.

खिडकीशी पुढे दोघीच उरल्या तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, मला हे नको. बंगळूरचं नाही झालं तर मी इथेच बी. एस्सी. करीन आणि मळ्यात राबीन. पण दाखला नका देऊ."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सगळ्यांसमोर बोलणार. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, टोपी सारखी केली आणि रांगेतून बाहेर पडले. मी त्यांच्या मागे. भिंतीशी थांबून ते त्या बाईंना म्हणाले, "ताई, आता उठू नका इथून. एक जागा रिकामी झाली."

घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "पोरीनं सोडलं. मी पण सोडलं." आईने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मामा मात्र महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत.

मग सुरू झालं खरं वाट बघणं. पोस्टमन दुपारी दीडच्या सुमाराला यायचा आणि मी एकपासून बांधावर असायची. अण्णा माझ्याशी नेहमीसारखे बोलत, त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटे. आठवडा असा गेल्यावर आई म्हणाली, नुसती काय उभी राहतेस, फोनवरच्या त्या सरांना करून बघावं लागेल म्हणालीस ना, मग कर.

मी करायला घेतलं. अ‍ॅस्टरच्या तीन सरी आईने मला काढून दिल्या. अडचण एकच होती, आषाढ होता. पहिल्या दिवशी आभाळ असं भरून आलं की उघडी सर आणि झाकलेली सर यांत काही फरकच राहिला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. सगळं नाशिक पावसाची वाट बघत असताना उन्हाची वाट बघणारी मी एकटीच होते. शेवटी लागोपाठ तीन दिवस उघडीप मिळाली. दर तासाला मी गोणपाट भिजवून आणायची. दुपारी प्रत्येक सरीतली पन्नास फुलं तोडायची, वेगवेगळ्या पाट्यांत ठेवायची आणि संध्याकाळी आई निवडायला बसायची. कुठलं फूल बाजारात चालेल आणि कुठलं नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. कुठली पाटी कुठल्या सरीची, ते मी तिला सांगत नसे.

ओल्या गोणपाटाखालची फुलं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकली. उघड्या सरीतली दिवे लागायच्या आत माना टाकून बसली. कोरड्याखालची त्यांच्यापेक्षा थोडीशीच बरी निघाली. म्हणजे उजेडापेक्षा उन्हाचा ताव जास्त मारतो. आई म्हणाली, "अगं, हे तर आम्हाला ठाऊकच हाय." मी म्हटलं, ठाऊक आहे, पण कोणी लिहून ठेवलं नाही. ती म्हणाली, "मग लिही. आणि ढगाळ दिवसाचं पण लिही, ते लपवू नको."

मी सगळं लिहिलं, फसलेल्या दोन दिवसांसकट. शब्दकोश मांडीवर घेऊन, इंग्रजीत. आमच्या फिजिक्सच्या सरांनी नुसत्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त केल्या. पत्राच्या शेवटी लिहिलं की मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते पाठवत आहे. शिष्यवृत्तीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

श्रावण लागला. त्र्यंबकेश्वरला फुलं जायला लागली की आमच्याकडे मान वर करायला सवड नसते. तशाच एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, आम्ही तिघं गलांड्याची फुलं तोडत होतो. अण्णा एकदम म्हणाले, "ते बूथवाले ना?"

मळ्याकडे येणारी वाट पावसाने चिखल झालेली होती आणि त्या चिखलातून काका तीनचाकी रेटत येत होते. नाक्यापासून मळा दीडेक किलोमीटर. त्यांना बूथ सोडून कुठे गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चाकं रुतली तशी अण्णा धावले आणि मागून ढकलायला लागले. काका हाशहुश करत बांधापाशी पोचले. शर्टावर, चेहऱ्यावर चिखलाचे शिंतोडे होते. बोलण्याआधी त्यांनी खिशातून कागद काढला. फोनवर ऐकलेलं त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं, आणि पलीकडच्या माणसाला ते पुन्हा वाचूनही दाखवलं होतं.

"एका मुलाने मेडिकल घेतलं," ते म्हणाले. "शिष्यवृत्ती तुला दिली. पंधरा दिवसांत हजर व्हायचंय. आणि ते वयस्कर सर स्वतः फोनवर आले होते. म्हणाले, मुलीला सांगा, पत्र मिळालं, उरलेलं काम इथे येऊन कर."

मी कागद हातात घेतला, पण मला वाचता येईना. आई ओच्यातली फुलं तशीच घेऊन उभी होती. मग तिने ती सगळी काकांच्या मांडीवर ओतली. तिला दुसरं काही सुचलं नसावं. काका हसायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. अण्णांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, चहा टाका. त्या दिवशी त्र्यंबकची फुलं तासभर उशिरा गेली आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या नाक्याला कळलं होतं. बूथवर येणाऱ्या प्रत्येकाला काका आधी ही बातमी सांगत आणि मगच नंबर लावू देत. चौथ्या दिवशी मामा आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. मला म्हणाले, मी तेव्हाच म्हणत होतो. आईने त्यांना ते म्हणू दिलं.

गाडी मनमाडहून होती. अण्णा मला पोचवायला बंगळूरपर्यंत येणार होते. त्यांनी आजवर महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ट्रंक सीटखाली सरकवून ते खिडकीशी बसले. समोर सोलापूरला उतरणारं एक कुटुंब होतं. त्यांतल्या आजोबांनी सहज विचारलं, कुठवर? आणि घरात चार शब्दांवर कधी न जाणारे माझे अण्णा बोलायला लागले. संस्था, मुलाखत, तीन सरी, ओलं गोणपाट, दोन जागा आणि तिसरा नंबर. डी. एड.ची रांगसुद्धा त्यांनी सांगितली, आणि ती सांगताना त्यांना जरासुद्धा कमीपणा वाटत नव्हता. मी वरच्या बर्थवर पडून ऐकत होते. आजोबांनी विचारलं, इतक्या लांब पोरीला पाठवताना भीती नाही वाटत?

अण्णा म्हणाले, "मी कुठं पाठवतोय? त्यांनी बोलावलंय तिला."