मामेसासऱ्यांचा बुधवारचा बँड

बेसूर माणसांवर माझ्या मामेसासऱ्यांइतका जीव लावणारा वाजंत्री अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचे हे मामा दोंडाईचाचे. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवली आणि त्यातली बहुतेक वर्षं दारूत काढली. मग एकदा वरातीच्या मधोमध नवरदेवाच्या घोड्याला धरून झोपी गेले. जाग आली ती दवाखान्यात, आणि तेव्हापासून त्यांनी थेंबाला हात लावला नाही. आता दर बुधवारी ते पॅसेंजरने जळगावला येतात. तिथे एका दवाखान्यामागच्या पत्र्याच्या सभागृहात आम्ही दारू सोडलेली, म्हणजे सोडत असलेली, दहा-बारा माणसं त्यांच्या हाताखाली गातो-वाजवतो. वेळ ठरलेली, संध्याकाळी साडेसहा. आमच्यासारख्यांचा घसा नेमका त्याच वेळी कोरडा पडतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

मामा येतात ते बँडचा लाल कोट घालूनच. खांद्यावर सोनेरी झालर, पोटावरची दोन बटणं कधीच लागत नाहीत. जळगावच्या मे महिन्यात, लोक सावलीला चिकटून चालत असताना, हा कोट रस्त्याच्या मधून येतो. एकदा गाडीत एका म्हातारीने त्यांना रेल्वेचे साहेब समजून फलाटावरच्या नळाला पाणी नसल्याची तक्रार केली. मामांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि जळगावला उतरल्यावर स्टेशनमास्तरांपुढे उभं राहून नोंदवली. त्या दिवशी ते आले पावणेसातला. उशिराबद्दल आमची रीतसर माफी मागितली आणि नळाचं काय झालं तेही सांगितलं.

कुणाला कोणतं वाद्य द्यायचं, याचं त्यांचं शास्त्र वेगळंच आहे. गोड गळ्याच्या माणसाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. आमच्यात कापड दुकानवाले एक शेठजी आहेत. घरात, दुकानात, डॉक्टरांपुढे, कुठेच ते दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेत नसत. मामांनी त्यांच्या हाती झांज दिली आणि सांगितलं, "शेठ, आठ मात्रा दुसऱ्यास्नं ऐका, मंग एकदा वाजाडा." शेठजींना ते जमायला चार महिने लागले. त्यांच्या सूनबाई मात्र एकदा मुद्दाम पेढे घेऊन आल्या.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझे हात असे कापत होते की चहाची कपबशी मला जपून टेबलावर ठेवावी लागे. सगळ्यांसमोर मी ते मांड्यांखाली दाबून बसलो होतो. मामांनी ते ओढून बाहेर काढले आणि त्यात खुळखुळा ठेवला.

"जवाईबापू, हात थरथरतस ना? थरथरू द्या. फक्त तालमा थरथरू द्या."

सगळे हसले आणि मीही हसलो. माझ्या हातांवर मी स्वतः हसल्याला किती दिवस झाले होते, ते मला आठवेना.

पाच महिने नीट गेले. मग एका नातलगाच्या लग्नाला पाचोऱ्याला गेलो आणि प्यायलो. बायकोने आपली पिशवी भरली आणि दाराशी ठेवली. ती पिशवी तिथेच राहिली. बायको गेली नाही, पण पिशवी रिकामीही केली नाही. मी दोन बुधवार घराबाहेर पडलो नाही.

तिसऱ्या बुधवारी भरदुपारी मामा दारात उभे होते. ती पिशवी ओलांडून आत आले आणि भाचीला म्हणाले, "माय, चहा ठेव." आता हे बोलणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्यांनी बशीत ओतून चहा प्यायला, मिशी पुसली आणि सांगितलं, "दोन बुधवार तुमनी जागा उनी का बठ्ठा थांबतस. तेवढा वखत कोनी वाजाडत नही. मंग पुढे जातस." माझ्या खुळखुळ्याची वेळ आली की सगळा बँड तेवढ्या मात्रा गप्प राहत होता. दुसऱ्या कुणालाही मामांनी तिथे वाजवू दिलं नव्हतं.

मी चपला घातल्या. वाटेत धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही रागावला कसे नाहीत?"

ते कोटाचं न लागणारं बटण लावत राहिले. मग म्हणाले, "तुमनी मामी मनासंगे उभा जलम ऱ्हायनी. मी शुद्धीवर वाजाडेल तिनी एकदाबी ऐकं नही. मी दारू सोडी त्यान्या आधीच ती मरी गयी." एवढं बोलून ते भराभर पुढे चालू लागले.

त्याला तीन वर्षं झाली. मी पुन्हा प्यायलो नाही. बायको आता बुधवारी माझ्याबरोबर येते आणि मागच्या खुर्चीवर मेथी निवडत बसते. मामांचा दम मात्र आता पुरत नाही. लांबलचक सूर ते मध्येच सोडून देतात, क्लॅरोनेट मांडीवर ठेवतात आणि आमचं ऐकत बसतात. गाणं सुरू करण्याआधी तेवढं न चुकता मागे वळून विचारतात, "माय, मांगे ऐकू येस ना?"

ती हातातली जुडी खाली ठेवते आणि मान हलवते. मगच ते आम्हाला खूण करतात.