खानोलकर काकांची बुडालेली गाडी

आता चहा समोर आहे म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी स्वतःहून काढत नाही. बाकीचे काढतात, तो भाग वेगळा.

तर मी सेकंडहँड गाडी घेतली. तुम्ही म्हणाल, त्यात काय, बहारीनमध्ये अर्धी माणसं सेकंडहँडच घेतात. बरोबर. पण मी अभ्यास करून घेतली. महिनाभर व्हिडिओ बघितले. अपघाताची गाडी कशी ओळखायची, रंग मारलेली कशी ओळखायची, पाण्यात बुडालेली कशी ओळखायची. ही शेवटची विद्या आमच्याकडे फार कामाची. इथे पाऊस वर्षातून चार वेळा येतो, पण आला की रस्त्यांचं तळं होतं आणि त्यात बसलेल्या गाड्या महिन्याभरात धुऊनपुसून बाजारात येतात. आत दमट वास, सीटखाली ओल आणि काचेवर आतून वाफ. ही तीन लक्षणं दिसली की पळा, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवत असे.

गाडी होती खानोलकर काकांची. काका मूळचे वेंगुर्ल्याचे, अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर. आता रिटायर होऊन कायमचे गावी निघाले होते. इथल्या आमच्या मराठी मंडळात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. अशा माणसाच्या गाडीला मी घरून नेलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघत होतो, पोचे बुजवायला रंगाखाली लांबी भरलीय का म्हणून. काका शांतपणे बघत होते.

"सुहास, एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "थंडीत सकाळी काच धुकटते. तेव्हा एसी लाव आणि बाहेरची हवा आत घे. हे इथलं बटण."

मी "हो हो" म्हटलं आणि चुंबक घेऊन मागच्या दाराकडे गेलो. थंडीत एसी? मनात म्हटलं, काकांचं वय झालं.

गाडी घेतली. त्याच आठवड्यात मंडळाने काकांचा निरोपसमारंभ ठरवला, आणि मटकीची उसळ मी आणतो असं मी बोलून बसलो. बायको घरी असती तर बोलायला हरकत नव्हती. मृणाल पुण्याला होती, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. मी तिला फोन लावला.

"मटकी भिजवलीय गं, पण मोड येत नाहीत."

"थंडी आहे ना. आपलं स्वयंपाकघर म्हणजे बर्फाचा कारखाना. गाडीत ठेव."

"गाडीत?"

"उन्हात उभी असते ना दिवसभर? आत मस्त ऊब असते. ओल्या फडक्यात बांध आणि सीटखाली ठेव, म्हणजे लवंडणार नाही. जुन्या गाडीत मी दर हिवाळ्यात ठेवायचे, तुला कळलं का कधी?"

नव्हतं कळलं. संसारात कितीतरी गोष्टी आपल्या सीटखाली चाललेल्या असतात. मोठं फडकं सापडेना, म्हणून मी दोन बोचकी बांधली. एक माझ्या सीटखाली ठेवलं, दुसरं शेजारच्या. सनाबिसला आमच्या बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी उन्हात लावली आणि निर्धास्त झालो.

समारंभाच्या दिवशी धावपळ विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा उसळ करत होतो. बोचकं काढलं, फोडणीला टाकलं, पातेलं घेऊन हॉलवर पोचलो. आणि उसळ पुरली नाही. पंगत अर्ध्यावर येईपर्यंत पातेल्यात नुसती तर्री उरली, आणि ती नेमकी सत्कारमूर्तीच्या ताटात गेली. काकांनी त्यातच पाव बुडवून खाल्ला.

"दुकानदाराने जुनी मटकी दिली हो," मी सगळ्यांना सांगत सुटलो, "फुगलीच नाही."

पुढे तीन-चार दिवसांनी सकाळी ऑफिसला निघालो तर पुढची काच आतून पांढरीफट्ट. वायपर लावला. वायपर बाहेरून फिरतोय, वाफ आतून, म्हणजे दोघांची गाठच नाही. मग हीटर लावला. ऊब आली आणि तिच्याबरोबर असा काही वास आला की डोळ्यांत पाणी आलं. एका हाताने बाहीने काच पुसतोय, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग, आणि सीफच्या वळणावर एकदम कानाशी टँकरचा भोंगा. ब्रेक दाबला. टँकर इतक्या जवळून गेला की त्याच्या चाकांचे नट दिसले. मी गाडी कडेला घेतली.

आणि तिथे बसल्या बसल्या माझी विद्या जागी झाली. दमट वास. काचेवर आतून वाफ. माझ्या सीटखालच्या कार्पेटला हात लावला, ओलं. तिन्ही लक्षणं!

ऑफिसात जासिमला खाली बोलावलं. जासिम इथलाच, गाड्यांचा शौकीन. त्याने दार उघडलं, नाक दाबलं, दार लावलं. "खलास, माय फ्रेंड. दिस कार ड्रँक वॉटर."

मला काही सुधरेना. खानोलकर काका? ज्यांच्या सांगण्यावरून मंडळाचं घड्याळ लावतात, ते? गाडी बुडाली असेल आणि त्यांनाच कळलं नसेल का? पण मग ते बटण का दाखवलं? म्हणजे काच धुकटणार हे त्यांना आधीच माहीत होतं! डोक्याचा पार भुगा झाला, आणि त्या भरात मी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. नाव घेतलं नाही हं. फक्त एवढंच लिहिलं, "ओळखीच्या, मानाच्या माणसाकडून गाडी घेतानाही पाण्यात बुडालेली नाही ना, हे तपासा. अनुभवाचे बोल."

मी नुकतीच कोणाची गाडी घेतली, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक होतं. हे मला सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं, आणि विमानतळावर मीच सोडणार होतो.

"रे, मी तुका चोर वाटलंय?"

काका मालवणीत आले की प्रकरण गंभीर असतं. मी वास, वाफ, ओल असं काहीतरी पुटपुटलो. ते ऐकून काका खुर्चीत बसले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"इतकी वर्षं इथे काढली सुहास. नावाशिवाय काही घेऊन जात नाहीये मी. तेही तू इथेच ठेवायला लावतोस?" मग उठले. "चल, गाडी बघू. बुडालेली निघाली तर तिकीट रद्द करतो, तुझे पैसे परत करतो आणि मगच जातो."

खाली गेलो. काकांनी दार उघडलं, दोन पावलं मागे आले, पुन्हा पुढे गेले. मोबाइलचा उजेड धरून गुडघ्यावर बसले आणि शेजारच्या सीटखाली हात घातला.

हात बाहेर आला तो एक बोचकं घेऊन. बोचकं कसलं, जंगलच ते. फडक्यातून वीतभर मोड बाहेर आले होते आणि त्यांना बुरशीची दाढी फुटली होती. फडकं म्हणजे माझ्या ऑफिसच्या क्रिकेट टीमचा जुना टी-शर्ट. काकांनी तो उजेडात धरला. पाठीवर मोठ्या अक्षरात माझं आडनाव होतं.

मी टी-शर्टकडे बघतोय, काका माझ्याकडे बघतायत.

"म्हणजे," काका शेवटी म्हणाले, "माझ्या वाटणीची उसळ ही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिथेच वाकून त्यांच्या पाया पडलो. काकांनी बोचकं माझ्या हातात दिलं, गाडीत बसले, एसी लावला आणि ते बटण दाबलं. काच दोन मिनिटांत लख्ख.

त्या संध्याकाळी ग्रुपवर मी दुसरा मेसेज टाकला. "गाडी निर्दोष आहे. मटकी माझी होती." त्यावर आलेली उत्तरं सांगत नाही. बायकोने पुण्याहून एवढंच विचारलं, "दोन बोचकी बांधलीस ना? मग एकच कसं काढलंस?"

दुसऱ्या दिवशी काकांना विमानतळावर सोडायला गेलो. वासामुळे चारही काचा खाली. काका मफलर नाकाशी धरून बसले होते, पण माझ्याच गाडीत बसले होते, हे मला पुष्कळ होतं. बॅगा उतरवल्या. काका गाडीपुढे जाऊन उभे राहिले, बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "नीट सांभाळ हं."

मी मान डोलावली. "हो काका, अगदी जिवापाड सांभाळीन."

"तुला नाही रे," काका म्हणाले. "गाडीला सांगतोय. तुला सांभाळायला."